मोहावरचा लाल पट्टा

सर, मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती, मग ठेवायची तरी कधी? वनशास्त्राच्या चार वर्षांत तुमच्या हातात कुदळ मी एकदाही पाहिली नाही. आम्ही तलासरीच्या उन्हात खड्डे खणायचो आणि तुम्ही जीपच्या सावलीत खुर्ची टाकून ओरडायचात, "अंतर मोजा, अंतर!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला तुमच्याकडे बघून कळलं. पहिल्या वर्षी झाडं ओळखायच्या तासाला मी शास्त्रीय नाव न सांगता नुसतं 'मोह' म्हणाले, तर सगळ्यांसमोर म्हणालात, "बाई, हे विद्यापीठ आहे, आठवड्याचा बाजार नाही." पोरं किती हसली! त्यानंतर कोणी गाव विचारलं की मी डहाणू रोड सांगायची. उधव्याच्या पाड्यावरची आहे, हे तुम्हालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि शेवटच्या वर्षी तुम्ही आम्हाला आणलंत ते नेमकं आमच्याच पाड्यामागच्या माळावर. जमीन सरकारी, तिथे सागाच्या ओळी आणि मधे तूर लावून दाखवायची होती. सावली धरणारी झाडं काढायची, म्हणून त्यांना लाल पट्टा मारायचा. मी डोक्याला रुमाल गुंडाळून खाली मान घालून चालतेय, कोणी हाक मारू नये म्हणून. ओळीच्या मधोमध माझ्या आत्याचा मोह. आमच्याकडे जमीन कोणाचीही असो, मोहाची फुलं ज्या घराने पिढ्यानपिढ्या वेचली त्या घराची. फुलं गळायच्या आधी ते घर झाडाखालचा पाला झाडून जागा साफ करतं, मग तिथे दुसरं कोणी टोपली घेऊन फिरकत नाही. फुलं वाळवून विकली की आत्याचं दोन महिन्यांचं तेलमीठ निघायचं. त्या दिवशी ती डहाणूकडे चिकूच्या वाडीत मजुरीला गेली होती. तुम्ही झाडाकडे बोट केलंत. ब्रश माझ्या हातात होता.

पंधरा दिवसांत मोह आडवा झाला. मी घरी गेले तेव्हा आत्या त्या बुंध्यावर बसलेली. "कोणी केलं गं हे?" मी म्हणाले, "आमच्या सरांनी." ती म्हणाली, "त्याच्या घराचं वाटोळं होवो." विधवा बाई, मूलबाळ नाही, तो मोहच तिचा कर्ता मुलगा होता. यंदा विवळवेढ्याच्या जत्रेत भेटली, तर देवीच्या पायरीवर बसूनसुद्धा तुमचा उद्धार चालू! तुम्ही गेलात हे तिला माहीत आहे. तरी तिचा राग गेला नाही, आणि माझाही नाही.

आता मीच पोरापोरींना प्रात्यक्षिकाला घेऊन जाते. पाड्यावर विचारल्याशिवाय एकाही झाडाला रंग लावू देत नाही. परवा एक मुलगी वैतागली, "मॅडम, प्रत्येक झाडाला कशाला विचारायचं?" मी फाडकन म्हणाले, "आमच्या सरांनी कधी विचारलं नाही, म्हणून." खूप बरं वाटलं बोलून. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

कारण तुम्ही विचारलं होतंत. खुर्चीतून उठून झाडाखाली आलात, झाडलेल्या जागेवर बूट घासलात आणि मला म्हणालात, "ही जागा कोणी साफ केलीय? कोणाचं आहे का हे झाड? असेल तर सोडून देऊ." मागे सगळी पोरं उभी होती. मी म्हणाले, "कोणाचं नाही, सर."

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. आत्या अजून जिवंत आहे, तिला पत्राचीही गरज नाही, घर चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिला मी अजून सांगितलेलं नाही.