नुकुफेटाऊची चांदणी

प्रिय मेलेटा मावशी,

फुनाफुटीहून लोसाचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? डुकरीण व्याली का? बाकी निउलाकितावर सगळे खुशाल आहेत असं धरून चालते (तुम्ही उणीपुरी चाळीस माणसं, कोणी शिंकलं असतं तरी बोटीवरच्या खलाशांनी सांगितलं असतं).

इकडे राजधानीत पुन्हा सरकार बदललं. आपल्या संसदेत सभासद मोजके, त्यात एखाद्याच्या पानात मासा कमी पडला की तो उठून पलीकडच्या बाकावर बसतो. आधीच्या सरकारला अचानक आठवलं, की ‘तुवालु’ म्हणजे आठजण एकत्र उभे. मग झेंड्यावर बेटागणिक एक अशा नऊ चांदण्या कशाला? काढा एक! शाळेतलं शिवणकाम माझं, म्हणून तिथला झेंडा माझ्याकडे आला. कोणती काढायची हे कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. सगळ्यांत चिमुकलं बेट आपलंच. आमच्या नवरोबाला, सिओसेला (तो नुकुफेटाऊ बेटाचा, म्हणजे जन्मतःच शहाणा) उकळ्या फुटल्या. जेवताना म्हणतो, “आता तू परदेशी बाई! पासपोर्ट दाखव, मग पुलाकाचा कंद वाढतो.” मी हसले, पण पान सारून उठले. आई त्याच बेटावर पुरलेली आहे ना गं.

मग कात्री घेतली आणि चांदणी काढली. नुकुफेटाऊची.

झेंडा खुशाल फडकत होता, कोणाला पत्ता नाही. एके दिवशी सिओसेचे काका तेआकाई यांनी जांभई द्यायला मान वर केली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. सभाघरात नुसता गदारोळ! “आमचं बेट काय समुद्रानं गिळलं?” म्हणून ते थयथयाट करू लागले. मी उभी राहिले. म्हटलं, “काका, तुमचं गेलेलं लगेच दिसलं. आमचं जाणार होतं तेव्हा डोळे मिटले होते का?” सिओसे चटईच्या काड्या मोजत बसला. घरी आल्यावर मात्र त्यानं आधी माझं पान वाढलं. पासपोर्टाचं नाव नाही.

आता नव्या सरकारचा हुकूम आहे, नऊच्या नऊ चांदण्या परत लावा. म्हणजे सगळं गोड झालं.

तुझी,
लोसा

ता. क. गोड म्हणजे तसं अर्धवटच. मागच्या बोटीनं पाठवलेल्या उशीच्या अभ्र्यावरची पिवळी नक्षी तुला फार आवडली म्हणालीस, तेच नुकुफेटाऊ. हलक्या हातानं उसवून पाठव.

दुसरा ता. क. अगदीच जीव जडला असेल तर राहू दे. कुठलीही पिवळी चिंधी पाठव, खालून काही कळत नाही. फक्त काकांना कळवू नकोस, की तू रोज त्यांच्या बेटावर डोकं ठेवून घोरतेस.