सात नंबरची पट्टी

सोमवार, ता. ३. दुपारचे चार.

पोचले बाई एकदाची! विमानात शेजारच्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, एकट्याच का? दोन्ही वेळा सांगितलं, हो, एकटीच. तिसऱ्यांदा विचारायची त्यांची छाती झाली नाही. एकसष्टाव्या वर्षी पासपोर्टवर पहिला शिक्का बसला, तोही इतका फिका की खिडकीतल्या साहेबाला मी खुणा करून परत नीट मारायला लावला. चौतीस वर्षं ऑफिसात हजेरीचं मस्टर सांभाळलंय. फिका शिक्का माझ्यानं बघवत नाही.

घरी दादाजवळ भाची राहिली आहे. दादा माझा थोरला भाऊ. लग्न ना त्याचं झालं ना माझं, दोघांचा संसार तो एकच. दोन वर्षं झाली, त्याला विसरायला होतं. जेवलो की नाही हे आठवत नाही, पण मी दिसले नाही की तासातासाला विचारतो, "छोटी घरात आहे ना?" छोटी म्हणजे मी. डॉक्टरांनी बजावलंय, आठ दिवसांच्या वर राहू नका, एकदा तुमचा चेहरा पुसला गेला तर परत यायचा नाही. म्हणून स्वयंपाकघरात कॅलेंडर लावून आले. रोज एक फुली मारायची, आठ फुल्या झाल्या की छोटी दारात. जायची परवानगी दिली पठ्ठ्यानं, पण अट घालून: फुल्या मारायला चांगली लाल पेन्सिल आण!

गेस्टहाउस झकास आहे. तीन मजले, सात खोल्या, माझी चार नंबरची. जिन्यावर गालिचा, म्हणून चपला-बूट खोलीच्या दाराबाहेर काढायचे. मालकीणबाई उंच, कोरड्या, पण कामाच्या. मोबाइलमधली भाषांतराची बाई आमच्या मध्ये बोलते, आणि बातम्या वाचल्यासारखी बोलते.

दारातच एक फलक आहे, तो बघून तर माझा जीवच रमला. सात खिळे, सात लाकडी पट्ट्या, एक बाजू पांढरी, एक काळी. माणूस आत असला तर पांढरी, बाहेर गेला की काळी. फिरवली की टक् असा छान आवाज होतो. मालकीणबाई माणसं मोजतच नाहीत, पट्ट्या बघतात. पांढऱ्या जितक्या, तितक्या खोल्यांच्या ताटल्या मांडायच्या. नियम एकच. ज्याची त्यानं फिरवायची, दुसऱ्याच्या पट्टीला हात लावायचा नाही. हे त्यांनी मोबाइलला तीनदा सांगितलं. मी म्हटलं, अहो बाई, मला काय हजेरी शिकवता!

भरलेल्या खोल्यांत सात नंबर तेवढा काळा होता.

मंगळवार, ता. ४. संध्याकाळ.

पाय नुसते बोलताहेत! सकाळी ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि चालत परत आले. दोनदा रस्ता चुकले. एका पाववाल्या बाईनं दुकान सोडून मला कोपऱ्यापर्यंत पोचवलं. नदीच्या पुलावर अर्धा तास उभी राहिले. कुणाचं औषध नाही, कुणाचा डबा नाही. मला रडू आलं, पण ते सुखाचं. शाळेसमोरच्या दुकानातून लाल पेन्सिल घेतली. दादाला फोन केला. म्हणाला, दोन फुल्या झाल्या, लवकर ये.

परत आल्यावर माझी पट्टी पांढरी केली. दोन नंबरच्या आजी-आजोबांची पांढरी होती. सात नंबर कालसारखाच काळा, आणि त्या काळ्यावर धूळ. आता गंमत अशी, की सात नंबरच्या दाराबाहेर तपकिरी बूट आहेत. काल होते, आज आहेत. बूट बाहेर म्हणजे माणूस आत, हे शेंबडं पोरही सांगेल. बिचाऱ्याला कुणी ताटलीसुद्धा मांडत नाही. आमच्या ऑफिसातही सही विसरणारे असायचे. माणूस टेबलावर दिसत असेल तर मीच हजर लावायची. खोटं नव्हे ते, खरंच तर होतं.

हात शिवशिवले. रुमालानं धूळ पुसली आणि पट्टी पांढरी करून टाकली. टक्. जिवाला बरं वाटलं.

बुधवार, ता. ५. दुपार.

काहीतरी बिनसलंय. सकाळी नाश्त्याला आले तर मालकीणबाई फलकासमोर उभ्या. हातात ताटल्या, आणि ताटल्या वाजत होत्या. मोबाइल न काढता आमच्याकडे एकेक करून बघितलं. कुणी फिरवली, असं विचारताहेत हे कळायला भाषा लागली नाही. एवढ्या वर्षांत चूक लपवली नाही मी, पण ही लपवली.

त्यांनी सात नंबरसाठी ताटली मांडली. अंडं ठेवलं, कॉफी ओतली. समोरची खुर्ची रिकामी. मी पावाला लोणी लावत होते, मान वर केली तर खुर्चीवरची उशी दबलेली होती. मधोमध, माणूस बसल्यासारखी. आजींनी अर्धं अंडं तसंच टाकलं, आजोबांचा दंड धरला, आणि दहा मिनिटांत दोघं सामानासकट बाहेर पडली. ते दर वर्षी येतात म्हणे. जाताना आजींनी माझा हात दाबला. मला वाटलं, निरोप घेताहेत.

कॉफीचा कप रिकामा झाला होता. मी बघत होते, आणि मला दिसलं नाही कधी झाला.

बुधवार, संध्याकाळी सात.

दुपारी मुद्दाम बाहेर गेले. उन्हात फिरल्यावर वाटलं, तुझं आपलं काहीतरीच, उशा दबतात. साडेपाचला परत आले, पट्टी पांढरी केली आणि स्वयंपाकघरात बसले. बाहेर फलकाशी टक् वाजलं. मालकीणबाई तर माझ्यासमोरच होत्या.

त्यांनी सूप आणलं. दोन ताटल्या मांडल्या, एक त्यांची, एक सात नंबरची. मला नाही. मी विचारलं. त्या माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत राहिल्या. मी ओरडले. टेबलावर हात आपटला. त्यांनी ढुंकून बघितलं नाही, माझ्या खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातला. तो माझ्या खांद्यावर पडला.

धावत फलकाकडे गेले. चार नंबर काळा. पांढरा केला. आतून लगेच मालकीणबाईंची हाक आली. अहो, आलात कधी, असं काहीसं त्या विचारत होत्या.



गुरुवार, ता. ६. सकाळ.

कबूल केलं. मीच फिरवली म्हटलं. मालकीणबाई खुर्चीत बसल्या, बराच वेळ बोलल्या, आणि मोबाइलमधली बाई तिच्या त्या बातम्यांच्या आवाजात सांगत गेली. जसं कळलं तसं लिहिते.

या घराला एक माणूस असा लागतो, जो आत आहे आणि बाहेर लावलेला आहे. का, ते त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या सासूलाही नव्हतं. तो खोलीत शिरला की खोली त्याला सोडत नाही. तो कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. दुसऱ्या कुणी आपल्या हातानं त्याची पट्टी पांढरी केली तरच तो सुटतो. पण मग घराला त्याच्या जागी दुसरा हवा, आणि तो म्हणजे पट्टी फिरवणारा. सात नंबर अकरा वर्षं होता. अकरा वर्षं त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

मी विचारलं, बूट तरी उचलायचे ना? त्या म्हणाल्या, बूट हलत नाहीत.

मी सात नंबर काळा करायला गेले. पट्टी तसूभर हलेना, पलीकडून कुणी धरल्यासारखी. नख उखडलं.

गुरुवार, दुपार.

तिकीट बदललं. उद्या सकाळचं विमान. मालकीणबाईंनी सामान खाली आणून दिलं. निघेपर्यंत खोलीत पाऊल टाकू नका म्हणाल्या. खोलीबाहेर असाल तोवर तुम्ही स्वतः पट्टी सरळ करू शकता, आत गेलात की संपलं. माझी पट्टी खिळ्यावरून काढून मुठीत धरून बसलेय, पांढरी बाजू वर. खुर्ची फलकासमोर. इथेच बसून राहणार, इथेच डुलकी घेणार.

भाचीला फोन केला, तीन दिवस आधीच येतेय म्हटलं. दादा मागून विचारत होता, कोण आहे? तिनं सांगितलं, छोटी. त्यानं विचारलं, कोण छोटी?

मग लगेच हसला म्हणे. आठवलं म्हणाला. चार फुल्या झाल्या म्हणाला.

पण विचारलं.

शुक्रवार, ता. ७.

पेन पर्समध्ये राहिलं. लाल पेन्सिलनं लिहितेय. डायरी कोटाच्या खिशात होती म्हणून—

नीट लिही. क्रमानं लिही.

सकाळी आठला टॅक्सी आली. ड्रायव्हरनं बॅग डिकीत ठेवली. पर्स मागच्या सीटवर, मोबाइल पर्समध्ये. मालकीणबाई त्याला पत्ता समजावत होत्या. मी पट्टी खिळ्यावर अडकवली आणि, आता घर सोडतेय, बाहेर जातेय, म्हणून व्यवस्थित काळी केली. कुणी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षांचा हात. टक्.

पायरी उतरले आणि आठवलं, लाल पेन्सिल. टेबलाच्या खणात. एवढी एकच गोष्ट मागितली होती दादानं. दोन मिनिटांचं काम. ताकीद विसरून वर धावले, दाराबाहेर चपला काढल्या, आत गेले, पेन्सिल घेतली.

दार लागलं होतं.

माझी मीच फिरवली. त्या सात नंबरच्याला काही करावंच लागलं नाही.

खिडकीतून दिसलं. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, वाट बघितली, बॅग आणि पर्स पायरीवर ठेवून गेला. मग एक माणूस बाहेर पडला. तपकिरी बूट. उन्हात येऊन डोळे मिटून उभा राहिला. वर बघितलं त्यानं, थेट माझ्या खिडकीकडे. हात जोडले आणि पळत सुटला.

शुक्रवार, दुपार.

मालकीणबाई आल्या चादर बदलायला. दार उघडलं तशी मी बाहेर झेपावले. चौकट ओलांडली आणि पुन्हा पलंगावर बसलेली. सहा वेळा. त्यांनी मी बसलेली चादर खालून ओढून घेतली. मी नावानं हाका मारल्या, पाया पडले.

जाताना दाराशी वाकल्या. माझ्या चपला सरळ करू लागल्या. हलल्या नाहीत. तिथेच बसून त्या तोंडावर हात धरून रडल्या. म्हणजे माहीत आहे. त्यांना माहीत आहे, आणि पट्टी फिरवणार नाहीत. कशा फिरवतील? फिरवली तर त्यांची पाळी.

शनिवार.

खाली माझा मोबाइल वाजतोय. भाची असणार. पाचव्यांदा मालकीणबाईंनी उचलला. भाषांतराच्या बाईचा आवाज जिन्यातून वर आला, अगदी स्पष्ट मराठीत. "त्या बाहेर गेल्या आहेत."

मी आत आहे गं! आत आहे!

रविवार.

भूक लागत नाही. हे चांगलं नाही.

पेन्सिल निम्मी झाली. दातानं टोक काढते.

सात फुल्या. दर तासाला तो विचारत असेल, छोटी घरात आहे ना. ती पोर काय सांगणार? की आता विचारतच नाही—

ते नको. ते लिहायचं नाही.

सोमवार, ता. १०.

आठ.

दुपारी टॅक्सी आली. हसण्याचा आवाज. कुणीतरी नवीन, बाई आहे, एकटी. मालकीणबाईंनी नियम सांगितला. तीनदा.

तिला पाच नंबर दिला. माझ्या शेजारचा. जिना चढताना ती फोनवर बोलत होती, लहान मुलाशी बोलतात तसं. भाषा कळली नाही. लाड कळतात.

माझ्या दारापाशी थांबली. चपलांपाशी.

गप्प बसले तर? ओरडून तरी काय, तिला ऐकू येत नाही. मी काहीच करायचं नाही, तीच करणार. नीटनेटकी दिसते. स्वतःचे बूट टाचा जुळवून ठेवले, फटीतून बघितलं मी. मग माझ्या चपलांकडे वाकून बघितलं. विचार करतेय.

नको करूस. मूल आहे तुझं.

सुटले तर तिची पट्टी मी नाही फिरवणार. नाहीच फिरवणार. पण मग घर मला सोडेल का— त्यानंही असंच ठरवलं असेल, अकरा वर्षं—

खाली गेली. फलकाशी थांबली. रुमाल काढल्याचा आवाज नसतो, तरी मला—

धूळ पुसतेय.

माफ कर हं बाई. तुझं काही चुकलं नाही. पण आमचा दादा—