काझीचाचांची रायफल

शुक्रवार, अल कुसैस

रायफल आज माझ्या नावावर झाली. जुनी, पॉइंट टू-टूची. नेमबाजीच्या क्लबातले काझीचाचा कायमचे रत्नागिरीला निघालेत, ती तिकडे नेणं त्यांना जमणार नाही. इथून, आखातातून, परत जाणाऱ्याचा फ्रिज, सोफा आपण भाव पाडूनच घेतो. मी सवयीने रायफलचाही तसाच पाडला. चाचा नुसतं "चालेल" म्हणाले. तेव्हाच कळायला हवं होतं का मला?

दस्त्यावर गाल टेकतो तिथलं पॉलिश त्यांच्या गालाने पार गेलंय. रेंजवर माझ्या हातात देण्याआधी त्यांनी रुमाल काढून तेवढीच जागा पुसली. मग मी नेम धरला, चार-पाच गोळ्या झाडल्या. बऱ्या लागल्या असाव्यात. चाचा टार्गेटकडे बघतच नव्हते.

रायफल खाली ठेवली तेव्हा ती जागा माझ्या घामाने ओली झाली होती. चाचांनी पुन्हा रुमाल काढला, हात पुढे केला आणि मध्येच थांबले. घडी घालून रुमाल परत खिशात ठेवला.

"आता तू पूस," म्हणाले.

मी खिसे चाचपले. माझ्याकडे रुमालच नव्हता.