बदामाच्या रोलला तीन हात

लेमर, ६ डिसेंबर

प्रिय बाउक्येताई,

तुला वाकून नमस्कार, आणि भाऊजींना लांबूनच (जवळ गेलं की ते गुडघ्याचं ऑपरेशन सांगायला बसतात). तुझं मनगट कसं आहे? तू तिकडे गूसमध्ये घसरून पडलीस आणि इकडे माझी पंचाईत झाली. सिंटरक्लासच्या संध्याकाळी, भेटी वाटायला सगळे जमतात तेव्हा, बदामाचा रोल दरवर्षी तू आणायचीस. यंदा मी म्हटलं, मी करतो. का म्हटलं, ते सांगतो, हसू नकोस.

भेटी कुणी कुणाला द्यायच्या याच्या चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा माझ्या वाट्याला रेन्स्के आली. कालव्यापलीकडची, जिच्या दिवंगत नवऱ्याची बोट मी रंगवायचो, तीच. चार वर्षं रविवारी तिच्याकडे कॉफी पितोय (एक कप, एक बिस्कीट, की डबा बंद) आणि चार वर्षं एकच गोष्ट विचारायची राहतेय. तोंडाने जमत नाही गं! म्हणून कागदावर लिहिलं, 'माझ्याशी लग्न करशील का?', चांदीच्या कागदात गुंडाळलं आणि रोलच्या पोटात घातलं. घरी जाऊन एकटी कापेल, एकटी वाचेल. नाही म्हणायचं असलं तर मला तोंड लपवायला निदान रात्रभर सवड मिळेल, असा हिशोब.

बदाम सोलताना निम्मे फडताळाखाली उडाले, ते जाऊ दे. तुझ्या कृतीत लिहिलंय, 'वरून अंडं लाव.' किती, ते लिहिलेलं नाही. आता मी पडलो चाळीस वर्षं बोटींना वॉर्निश मारलेला माणूस. एका हाताने कधी भागतं का? एक हात मारला, वाळू दिला, हलकेच पॉलिशपेपर फिरवला (नवा होता, शप्पथ!), मग दुसरा हात, मग तिसरा. दोन रोल झाले. असे चकाकत होते की त्यांत बघून भांग पाडावा. एक तुला पोस्टाने धाडला, एक काल संध्याकाळी घेऊन गेलो.

रेन्स्केने वेष्टण काढलं आणि सगळे वाहवा करायला लागले. "काय हुबेहूब केलाय! लाकडाचा की प्लास्टरचा?" आपला चुलतभाऊ स्यूर्ड म्हणाला. (भेट नकली वस्तूत लपवायची आपली रीत; गेल्या वर्षी ह्यानेच प्लास्टरच्या गाईच्या पोटात मोजे लपवले होते, तेव्हा त्याला दुसरं काय सुचणार?) मी ओरडलो, "अरे, खायचा आहे तो!" त्यावर तर हशाच पिकला. स्यूर्डने हातोडी आणली. पहिल्या घावाला ती उसळली, ताई! आणि आत कविता किंवा चिठ्ठी निघाली तर ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, हा आपल्याकडचा नियम. मी दाराकडे सरकायला लागलो. स्यूर्डने तर चष्माही चढवला.

चौथ्या घावाला रोल फुटला. आत बदाम. नुसते बदाम! चिठ्ठी तुझ्या रोलमध्ये गेली, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण रेन्स्के एक तुकडा दाढेखाली धरून बोटाने चुरा उलटापालटा करत राहिली. "काहीच नाही?" म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

बाकी सगळं ठीक.

तुझा धाकटा भाऊ,
वीब्रेन

ता. क. रोल पोचला असेल. कापू नकोस! कापलाच असशील तर चिठ्ठी भाऊजींच्या दृष्टीस पडू देऊ नकोस. तिच्यावर रेन्स्केचंही नाव नाही आणि माझंही नाही, ते भलतंच समजतील. ताबडतोब परत पाठव. फोनच केला असता, पण भाऊजी तो स्पीकरवर टाकतात.

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात रेन्स्के दारात. "खरं सांग, आत काही ठेवलं होतंस ना?"

"होतं."

"मग कुठंय?"

"गूसला. ताईकडे."

"काय होतं?"

आता लपायला ना कागद, ना रोल. सांगून टाकलं. ती म्हणाली, "मेल्या, एवढ्यासाठी माझी दाढ हलवलीस?" आणि रडायला लागली, आणि रडता रडता हो म्हणाली. चिठ्ठी आता नको, ताई. नाताळला तुम्ही दोघं या. भाऊजींचं ऑपरेशन मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन.