तेवीस वेळा

ठाणे, ६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर गप्पांत मुद्दा राहतो, म्हणून हे पत्र. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासण्याचं माझं काम तुला माहीतच आहे. गेल्या आठवड्यात गोळीच्या मात्रेतलं दशांशचिन्ह माझ्या नजरेतून सुटलं. छापण्याआधी साहेबांनी पकडलं, नाहीतर अनर्थच होता. महिनाअखेरपर्यंत आणखी एक चूक झाली तर नोकरी गेली.

मला नवल वाटतं, जेटीवरच्या मासळीच्या लिलावात, त्या गोंगाटात तुझी बोली कशी चुकत नाही? मी आता आठवडाभर, कामातून मान वर केली की कारण वहीत टिपणार आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी वेदिका

रत्नागिरी, १२ जानेवारी

चि. वेदिकास अनेक आशीर्वाद.

अगो बाय, एवढी शिकलीस आणि मासेवालीला विचारतेस! सांगते. लिलाव भागोजी पुकारतो, माझा कान फक्त त्याच्याकडे. बोली लावायला मासळीच्या पाटीच्या काठावर हात ठेवलेल्या बाईला कुणी हाक मारायची नाही, असा आमचा रिवाज. एकदाच मोडला. तुझा दहावीचा निकाल कुणीतरी ओरडून सांगितला, मी वळले, आणि सुरमईऐवजी मऊ पडलेल्या बांगड्यांवर बोली लावून बसले. तीन दिवस सगळं बंदर हसत होतं.

वहीत कुणाचं नाव येतं ते कळव. येऊन त्याची खरडपट्टी काढते. पोरीच्या पोटावर पाय आणतो म्हणजे काय!

जिवाला जप.
तुझी सत्यवती आत्या

ठाणे, २१ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस हं. बेचाळीस वेळा मान वर केली, त्यात तेवीस वेळा तुझ्या फोन-मेसेजमुळे. जेवलीस का, आज पापलेट आलं, फुलांचे सुप्रभात. दशांशचिन्ह सुटलं तेव्हाही तुझाच फोन होता. चूक माझीच, उचलायला नको होता. पण तुझं नाव दिसलं की राहवत नाही गं. काय करू, तूच सांग.

माया पातळ करू नकोस.
तुझी वेदिका

रत्नागिरी, २८ जानेवारी

चि. वेदिकास आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस फुगून बसले. मग फोन उघडून त्या आठवड्यातले फोन-मेसेज स्वतः मोजले. तू कमीच सांगितलेस, सत्तावीस निघाले.

खरं सांगू? तू जेवली असशील हे मला ठाऊक असतं. तुझे आईबाप गेल्यावर तुला वाढवली, आता घरात तुझा आवाज नाही, म्हणून विचारत बसते. यापुढे संध्याकाळी सातला एकदाच फोन करीन. दिवसा केला तर उचलायचा नाही, मी कितीही वेळा केला तरी.

आज पाचवा दिवस, दिवसा एकदाही केला नाही. तू काम कर गो. माझं होईल.

तुझीच,
सत्यवती आत्या