उष्माघात कक्षाच्या चादरी

१५ एप्रिल
आज रुजू झाले. दिंद्रुडपासून सात किलोमीटरवरचं हे आरोग्य केंद्र पाहताक्षणी आवडलं. मागे दोन जुने लिंब, झाडलेलं आवार. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना याहून चांगली जागा कुठली मिळायची? उन्हाळ्याच्या तयारीचं काम माझ्याकडे आलं. उष्माघात कक्षात दोन खाटा, कूलर, बर्फाची पेटी, सलाईन, सगळं जागेवर. फक्त कुजक्या कांद्याचा वास. कूलरची टाकी उपसली. तळाशी बोटभर बुळबुळीत गाळ आणि त्यात कांद्याच्या साली. शिसारी आली.

१७ एप्रिल
सफाईच्या छबुबाईला सालींचं विचारलं. "रतनबाईच्या हायेत त्या," एवढंच म्हणाली. खडसावल्यावर बाकीचं सांगितलं. गेल्या मे महिन्यात रतनबाई नावाची मजूर उन्हानं शेतात कोसळली. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. नव्या चादरी खराब होतील म्हणून माझ्या आधीच्या सिस्टरनं कक्ष उघडलाच नाही. बाई व्हरांड्यात फरशीवर, सून तिच्या तळव्यांना कांदा चोळतेय. तासाभरात रतनबाई गेली. अशा नर्सची मला किळस येते.

२४ एप्रिल
गावात घरोघर फिरले. बारा ते चार उन्हात जाऊ नका, उन्हात घाम थांबला तर तो उष्माघात, असं बजावलं. भिवराबाई नावाच्या म्हातारीनं सगळ्यांसमोर टोमणा मारला, "मग बारा ते चार शेळ्या तुमी राखता का, सिस्टर?" बायका खूप हसल्या. मी पुढच्या घराकडे वळले.
परतल्यावर कक्ष उघडला. कोऱ्या चादरीवर माणसाच्या आकाराचा पिवळट, तेलकट ठसा. किल्ली दिवसभर माझ्या कमरेला होती.

२ मे
चादर तीनदा फिनेलनं धुतली. ठसा पुन्हा आला. आज हात लावला तर चिकट आणि गरम, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखा. छबुबाई शिवत नाही. म्हणते, निजू द्या तिला. मूर्खपणा.

५ मे
उद्या तपासणी. नव्या चादरी अंथरल्या, वर प्लास्टिक, कुलूप.
दुपारी दोनला मेंढ्या राखणाऱ्या सटवाला आणलं. ताप १०६. धोतर घाणीनं भरलेलं, अंगावर ओकारी. मी म्हणाले, चादर खराब होईल, थोडं थांबा, आधी बाहेर धुवा. पंधरा मिनिटंच. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कढत होतं, हे माझ्या लक्षात—
सटवा गेला. छबुबाई माझ्या पायाशी थुंकली.

६ मे
तपासणी झाली. शाबासकी मिळाली. ठसे आता दोन्ही खाटांवर. साहेबांना दिसले नाहीत.
माझ्या हातांना कांद्याचा वास. जेवण उलटलं.

७ मे
चादरी बदलायला आत आले. दार मागून लागलं. बाहेरून कुलूप. किल्ली माझ्याच कमरेला—
कूलर चालू नाही केला मी. गरम, ओली वाफ ओकतोय. भिंतीवरच्या तापमापकात ४६.

४९. हाका मारल्या. घसा—

घाम थांबलाय. घाम थांबला म्हणजे काय ते मी गावभर सांगत फिरले—

दारापलीकडे कोणीतरी आहे. बाईचा आवाज, अगदी शांत. "चादर खराब व्हईल. थोडं थांबा."

मी खाटेवर नाही. फरशीवर आहे. चपला कोणी काढल्या?
तळव्यांना काहीतरी ओलं— चोळतंय— हळूहळू— वास—