मागच्या रांगेतले काका

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि मम्मीला प्रभूच्या नावाने सलाम.

मी बरी आहे. खोलीत सकाळचं ऊन येतं आणि जेवण वेळेवर होतं, हे मम्मीला नक्की सांगा. तिचा खोकला थांबला का?

इथल्या चर्चची गायकमंडळी माझ्याकडे सोपवली आहे, हे कळवलं होतंच. त्यात नळदुरुस्ती करणारे एक काका आहेत. त्यांनी कधी तालीम चुकवली नाही, पण सुराशी त्यांचं वाकडं. मी आपल्या घरातली पहिली पदवीधर ना, तोऱ्यात म्हणाले, "काका, तुम्ही आता समोर बसून ऐका." ते हसले. "बरं झालं बाई, घसा वाचला." आणि यायचेच थांबले.

हळूहळू बाकीचेही गळाले. मग कळलं, तालमीच्या दिवशी काकाच दारोदार हाका मारून सगळ्यांना घेऊन यायचे. कोणी कंटाळा केला की म्हणायचे, "मी गातो, मग तुला काय धाड भरलीय?"

मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. काल ते सगळ्यांना घेऊन आले आणि मागच्या रांगेत उभे राहिले. माझा जीव भांड्यात पडला. पण गीत सुरू झाल्यावर पाहिलं, तर काका नुसते ओठ हलवत होते.

पप्पा, उपासनेत मी तुम्हालाही कोपराने ढोसून "हळू गा" म्हणायची. आता माझं ऐकू नका. येत्या रविवारी मोठ्याने गा.

प्रार्थनेत आठवण ठेवा.

तुमची,
छोटी